वशिंडाचा बैल आणि पृष्ठभागावरचे थर : सांगलीतील एका रंगीत मृत्पात्राचा प्रकरण अभ्यास

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका हळद व्यापारी कुटुंबात दोन भावांची वाटणी चालू होती आणि एका मातीच्या भांड्याच्या किमतीवरून ती अडली होती. मार्केट यार्डातील पेढी थोरल्याकडे जायची होती, राहते घर धाकट्याकडे, आणि या दोहोंतील फरक भरून निघावा म्हणून वडिलांनी परदेशातून आणलेले एक चित्रांकित भांडे धाकट्याच्या वाट्याला लावण्यात आले होते. भांड्यासोबत एक प्रमाणपत्र होते आणि त्यात भांड्याचे वय तीन ते पाच हजार वर्षे दिले होते. वडिलांनी मोजलेली रक्कम घरच्या वहीत होती. ती येथे मुद्दामच देत नाही. तिच्यात गावाकडे बरी जमीन आली असती, एवढे सांगणे पुरेसे आहे. मी महाविद्यालयात प्राचीन भारतीय इतिहास शिकवत असे आणि उमेदीच्या काळात उत्खननांवर खापरे धुण्याचे, त्यांच्यावर क्रमांक घालण्याचे आणि ती वर्गवार लावण्याचे काम केले होते, हे धाकट्या भावाला माझ्या एका विद्यार्थ्याकडून कळले. तो आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, बैल खरा का खोटा, तेवढं सांगा. बाकीचं आमचं आम्ही बघतो."

प्रश्न असा विचारला गेल्यामुळे माझाही पहिला दिवस वाया गेला, हे सुरुवातीलाच कबूल केले पाहिजे. बैल खरा आहे का, असे विचारले की आपण बैलाकडेच पाहत राहतो. पुढचा वृत्तान्त कुटुंबाच्या संमतीने, नावे वगळून लिहिला आहे.

भांडे कसे होते

भांडे साधारण सव्वा वीत उंचीचे, गोलसर पोटाचे, आखूड मानेचे आणि लहान सपाट बुडाचे होते. माती बदामी रंगाची, बारीक चाळलेली होती आणि आतल्या बाजूला चाकावर फिरताना उमटलेल्या बोटांच्या समांतर रेघा स्पष्ट दिसत होत्या. काठाचा एक तुकडा पूर्वी निघून पुन्हा चिकटवलेला होता आणि पोटावर दोन जुन्या भेगा भरलेल्या होत्या. पोटाच्या मधल्या भागात काळ्या रेषांनी काढलेले दोन वशिंडाचे बैल होते, एका झाडाला बांधलेले, लांबट अंगाचे आणि उजवीकडे तोंड केलेले. त्यांच्या वरच्या बाजूला चार लहान रानबकरे होते आणि त्या बकऱ्यांची शिंगे इतकी मोठी होती की प्रत्येकाच्या पाठीवर एकेक वर्तुळ ठेवल्यासारखे दिसावे. बैलांच्या अंगात पिवळा रंग भरला होता, झाडाच्या पानांत निळसर.

हे भांडे वडिलांनी का घेतले असावे, याचे उत्तर घरातच होते. ते मूळचे आटपाडीकडचे. खरसुंडीच्या यात्रेतील खिलार जनावरांवर त्यांचा जीव, आणि लेकीकडे आखाती देशात गेले असताना एका दुकानात वशिंडाचा हा बैल दिसताच त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही, असे त्यांच्या पत्नी, ज्यांना घरात सगळे आक्का म्हणतात, त्यांनी सांगितले. घरी आल्यापासून दर बेंदराला आक्का मातीच्या बैलजोडीशेजारी हे भांडेही मांडत आणि बैलांच्या कपाळाला हळदकुंकू लावत. ही माहिती मी तेव्हा केवळ कौतुकाने ऐकली. पुढे तिने माझी एक चाचणी साफ निकामी केली.

शैलीची बाजू

प्रमाणपत्रावर भांड्याचे वर्णन "बलुचिस्तान, कुल्ली संस्कृती" असे होते. हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आजच्या पाकिस्तानातील बलुचिस्तानच्या दक्षिण भागात, हडप्पा संस्कृतीच्या शेजारी आणि बऱ्याच अंशी तिच्या समकालीन, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात जी वस्ती नांदली तिला कोलवा खोऱ्यातील कुल्ली या स्थळावरून हे नाव मिळाले. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांनी १९२७-२८ च्या आपल्या पाहणीत या भागातील टेकाडे हिंडून पाहिली. कुल्लीच्या भांड्यांवरील प्राणी एकदा पाहिले की विसरत नाहीत. भांड्याच्या घेराबरोबर ताणून लांब केलेले वशिंडाचे बैल, वाटोळा मोठा डोळा आणि त्यात ठिपका, बैल झाडाला किंवा एखाद्या खांबासारख्या वस्तूला बांधलेला, आणि उरलेल्या जागेत छोट्या बकऱ्या, पाने आणि खुणा दाटीने भरलेल्या. जागा मोकळी ठेवणे त्या चित्रकाराला जणू सहनच होत नाही. बैल एवढा मोठा आणि बकऱ्या एवढ्या लहान का, याची निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जातात. मला स्वतःला त्यात गुराख्याची नजर दिसते, ज्याला आपले जनावर आधी दिसते आणि डोंगर नंतर.

त्याच प्रदेशात कुल्लीच्या थोडी आधीची नाल ही परंपरा आहे. खुझदारजवळच्या नाल येथील सोहर दंब या टेकाडावर हॅरॉल्ड हारग्रीव्ह्‌ज यांनी १९२५ मध्ये उत्खनन केले आणि तेथील दफनांतून मोठ्या संख्येने रंगीत भांडी निघाली. नालची ओळख म्हणजे सरळ कडांचे, डब्यासारखे भांडे आणि एकापेक्षा अधिक रंग. तेथे काळी बाह्यरेषा भांडे भाजण्यापूर्वी काढलेली असते. पिवळा, निळा, तांबडा हे रंग मात्र भाजल्यानंतर भरलेले असतात आणि म्हणूनच ते कच्चे राहतात, ओल्या बोटालाही लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण रंग निघाला म्हणजे भांडे खोटे, असा सोपा नियम लावणाऱ्याची नालच्या अस्सल भांड्यापुढे फजिती होते.

आता आपल्या भांड्याकडे यावे. बैल कुल्लीचे, रंग भरण्याची पद्धत नालची आणि बकऱ्यांची शिंगे थेट इराणमधील सुसा येथील. सुसाचा तो प्रसिद्ध उंच पेला, ज्यावर रानबकऱ्याच्या शिंगांनी जवळजवळ पूर्ण वर्तुळ केले आहे, त्याच्यावर लांबलचक कुत्रे आहेत आणि काठाखाली उंच मानेच्या पक्ष्यांची रांग आहे, तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपासचा मानला जातो. म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांच्या अंतरावरच्या तीन परंपरा एका सव्वा वितीच्या पोटावर एकत्र नांदत होत्या. शिवाय बैलाचा डोळा वाटोळा नव्हता. बदामी होता, वर पापणीची रेघ होती, आणि तो मला थेट दिनदर्शिकेवरच्या बैलासारखा वाटला.

एवढ्यावर "खोटे" असा निर्वाळा देण्याचा मोह मला झाला होता आणि मी तो दिला नाही, याचे श्रेय थोरल्या भावाला जाते. तो म्हणाला, "पण सर, एखाद्या कारागिरानं दोन गावचं बघून एक केलं असंल की. आमच्या इथं मिरजेच्या सतारीवर कुठली कुठली नक्षी येते." त्याचे म्हणणे बरोबर होते. शैलीवरून शंका घेता येते. शंका हा पुरावा नव्हे. सीमेवरच्या कुंभाराने काय पाहिले असेल आणि काय मिसळले असेल, हे सांगलीत बसून ठामपणे सांगणे धार्ष्ट्याचे ठरले असते.

याच बैठकीत थोरल्याने आणखी एक मत मांडले, की हे बलुचिस्तानचे नसून दायमाबादचे असावे, म्हणजे आपल्याच महाराष्ट्राचे. प्रवरेकाठचे दायमाबाद आणि तेथे १९७४ मध्ये सापडलेली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही धातूची शिल्पे बहुतेकांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेली असतात, त्यामुळे प्राणी दिसला की दायमाबाद आठवते. आपल्याकडील ताम्रपाषाणयुगीन भांड्यांवर प्राणी नाहीत असे नाही. नर्मदेकाठी नावडाटोलीला सापडलेल्या माळवा परंपरेच्या भांड्यांवर हरणे, पक्षी, माणसे दिसतात. मात्र संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून नाव मिळालेली आणि घोड नदीकाठच्या इनामगावला विपुल सापडलेली जोर्वे भांडी बहुतांशी तांबूस पृष्ठावर काळ्या भौमितिक नक्षीची असतात: तिरक्या रेघा, जाळी, शंकरपाळ्यांच्या ओळी. त्यांचे आकारही वेगळे, कंगोरा असलेला वाडगा आणि नळीसारखी चोच असलेले तोटीचे भांडे. चांगले भाजलेले जोर्वे खापर टिचकी मारली तर टणत्कार देते. आमच्यासमोरच्या भांड्याची माती, आकार, रंग यांपैकी काहीही या मंडळींत बसत नव्हते. हा मुद्दा दहा मिनिटांत मिटला.

प्रमाणपत्र खरे, तरीही

धाकट्या भावाची सारी भिस्त प्रमाणपत्रावर होती. ते थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचे होते. या चाचणीचे तत्त्व असे: मातीत क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचे कण असतात आणि आसपासच्या व आतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे त्यांत वर्षानुवर्षे अल्प ऊर्जा साठत जाते. माती भट्टीत चांगली तापली की ही साठवण रिकामी होते आणि तेथून हिशेब शून्यापासून पुन्हा सुरू होतो. प्रयोगशाळेत नमुना तापवून बाहेर पडणारा मंद प्रकाश मोजला की शेवटच्या भाजणीला किती काळ लोटला, याचा अंदाज येतो. अंदाज ढोबळ असतो, पण मागच्या वर्षीचे भांडे आणि चार हजार वर्षांपूर्वीचे भांडे यांतला फरक त्यातून निश्चित कळतो.

प्रमाणपत्रही खोटे असू शकते, म्हणून आधी नमुना खरोखर घेतला होता का ते पाहिले. या चाचणीसाठी बारीक गिरमिटाने थोडी पूड काढावी लागते आणि ती सहसा नजरेआड असलेल्या जागेतून, म्हणजे बुडाखालून काढतात. भांडे जुन्या वाकळीवर आडवे केले, तेव्हा बुडाला दोन लहान गोल छिद्रे दिसली. "ती किड्याची असतील म्हणून मी मेण भरणार होते," असे आक्का म्हणाल्या. सुदैवाने त्यांनी भरले नव्हते. छिद्रांच्या कडा ताज्या आणि स्वच्छ होत्या, आतली माती बाहेरच्याच मातीची होती आणि बूड पोटाला अखंड होते. जुन्या भांड्याचे बूड नव्या भांड्याला जोडून चाचणीला फसवण्याचा जो एक प्रकार ऐकिवात आहे, त्याची खूण येथे नव्हती. तेव्हा प्रमाणपत्रावर अविश्वास दाखवण्याचे कारण मला दिसले नाही. भांडे जुने होते.

पण चाचणी झाली ती मातीची. बैलाविषयी त्या कागदात एक अक्षरही नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. उलट त्या कागदातूनच एक महत्त्वाचा धागा हाती आला. कोणी जुन्या साध्या भांड्यावर नंतर चित्र काढून ते पक्के करण्यासाठी पुन्हा भट्टीत घातले असते, तर मातीतील साठवण रिकामी झाली असती आणि भांड्याचे वय कालपरवाचे निघाले असते. वय जुने निघाले, म्हणजे भांडे दुसऱ्यांदा भाजलेले नाही. त्यामुळे दोनच शक्यता उरल्या. बैल मूळ कुंभाराने भाजण्याआधी काढला असेल, तर काळी रेषा मातीत मुरून पक्की झालेली असली पाहिजे. नाहीतर बैल नंतर काढला असेल आणि मग तो केवळ कुठल्यातरी डिंकाच्या किंवा रेझिनच्या आधाराने वर बसलेला असला पाहिजे. प्रश्न इतका नेमका झाल्यावर पुढे काय पाहायचे ते ठरले.

महापुराची साक्ष

येथे धाकट्याने आपला सर्वांत जोरदार मुद्दा काढला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातील शेकडो घरांप्रमाणे यांच्याही घराचा तळमजला बुडाला. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतील खड्ड्यांत, पुराचे पाणी शिरले की हळदीचे काय होते, हे या कुटुंबाला कोणी सांगायला नको. घाईघाईत सोने, कागदपत्रे आणि वह्या वर नेल्या. भांडे दिवाणखान्यातील कोनाड्यात राहिले आणि कित्येक दिवस पाण्यात होते. पाणी उतरल्यावर ते गाळात रुतलेले पण धड मिळाले. "एवढ्या पाण्यात बैलाची एक रेघ हलली नाही सर. नवा रंग असता तर टिकला असता का?"

ऐकायला हा मुद्दा बिनतोड वाटतो, पण भिंतीला लावलेला चांगला ॲक्रिलिक रंगही त्याच पुरात टिकला होता, आणि तो कोणी चार हजार वर्षांपूर्वीचा म्हणत नाही. पाण्याला दाद न देणे हा आजच्या बांधणीद्रव्यांचा, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यांचा, सामान्य गुण आहे. खरे तर नाल पद्धतीचे म्हणून दाखवलेले पिवळे आणि निळे रंग पुरात जसेच्या तसे राहिले, हेच मला खटकले. अस्सल नालचा पिवळा इतक्या दिवसांच्या पाण्यात बहुधा फिकटला किंवा ओघळला असता.

तरीही महापुराने माझे एक मोठे काम केले होते. आक्कांनी भांडे बाहेरून ओल्या फडक्याने पुसले होते, पण फुटेल या भीतीने आणि "कृष्णामाईचा गाळ आहे, राहू दे थोडा" या भावनेने मानेच्या खाचेत व बुडाच्या कडेला बसलेला गाळ काढला नव्हता. त्यामुळे भांड्याच्या पृष्ठभागावर एक असा थर होता ज्याची तारीख मला महिन्यासह ठाऊक होती. उत्खननात असे भाग्य क्वचित लाभते.

तांदळाच्या दाण्याएवढी जागा

पुढचे काम तीन संध्याकाळी चालले. साहित्य अगदी साधे होते: दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, विजेरी, कापसाच्या काड्या, शुद्ध केलेले पाणी आणि ॲसिटोन. थोरल्याने पेढीतून नोटा तपासायचा अतिनील दिवाही आणला. त्या दिव्याची गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती फसली. नंतर लावलेले रंग, डिंक आणि डागडुजी या प्रकाशात पुष्कळदा वेगळ्या झाकेने उजळतात, म्हणून खोली अंधारी करून दिवा धरला. दोन्ही बैलांची कपाळे, वशिंडे आणि पाठी झगझगीत पिवळ्या हिरवट प्रकाशाने पेटून उठल्या. घरात एकदम कालवा झाला. मला मात्र क्षणभराने आक्कांचे बेंदराचे हळदकुंकू आठवले. हळदीतील कुर्कुमिन अतिनील प्रकाशात असेच उजळते, आणि हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात तिचा सूक्ष्म धुराळा कुठे नसेल? बैलाच्या अंगाचा कोणता उजेड हळदीचा आणि कोणता रंगाचा, हे वेगळे करणे अशक्य होते. ती चाचणी मी पुराव्यातून पूर्णपणे वगळली.

मग तिरपा उजेड टाकून भिंगाने बुडापासून वर सरकत पाहायला सुरुवात केली. भांड्याच्या पोटावर ठिकठिकाणी पांढरट, खडबडीत, टणक पापुद्रे होते. दीर्घकाळ चुनखडीयुक्त जमिनीत पुरलेल्या भांड्यांवर असा क्षारांचा थर बसतो. तो नखाने निघत नाही आणि चार दिवसांत तयारही होत नाही. काही ठिकाणी त्यात झाडाच्या मुळांच्या केसासारख्या बारीक वाटा उमटलेल्या होत्या. हा थर भांडे जमिनीत असतानाचा, याबद्दल शंका नव्हती.

दुसऱ्या बैलाच्या मागच्या खुराजवळ मी थांबलो. ओला कापूस हलकेच फिरवला, तेव्हा कोरडेपणी न दिसणारा एक फिकट तपकिरी आडवा पट्टा ओलसरपणामुळे उठून दिसला. तो बैलाच्या पायाखालून सरळ पुढे जात होता. भांडे फिरवले तर तोच पट्टा संपूर्ण घेर फिरून आला, आणि तसाच दुसरा मानेच्या थोडा खाली सापडला. त्यांच्या रेघा चाकावर भांडे फिरत असताना कुंचला टेकवून ओढल्यासारख्या एकसंध होत्या. आता भिंग खुरावर नेले. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत चार गोष्टी एकावर एक होत्या. सर्वांत खाली तपकिरी पट्टा, मातीत मुरलेला, बोटाला न जाणवणारा. पट्ट्यावर क्षाराचा पांढरा पापुद्रा, त्यात मुळाची एक वाट. पापुद्र्यावर खुराचा काळा रंग. तो मुळाच्या वाटेत उतरून पलीकडे चढला होता आणि खोलगट जागी थोडा साचून चकचकीत झाला होता. आणि त्या काळ्यावर, बुडाच्या कडेला, कृष्णेचा काळपट गाळ.

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा पुरातत्त्वाचा पहिला धडा आहे आणि तो खड्ड्याच्या भिंतीवर शिकवतात. तो एका खुराखाली वाचायला मिळेल असे मला वाटले नव्हते. पट्टा भांडे घडवतानाचा. क्षार भांडे पुरलेले असतानाचा. खूर भांडे उकरून काढल्यानंतरचा. गाळ ऑगस्ट २०१९ चा. भांडे जमिनीत असताना त्यावर बैल नव्हता.

एवढे दिसल्यावर बाकीच्या खुणा भराभर जागेवर बसल्या. पोटावरच्या भरलेल्या भेगेवरून झाडाची फांदी न तुटता पलीकडे गेली होती. चित्र आधीचे असते तर भेगेने ते कापले असते आणि भरावाच्या पट्टीत रेघ नसती. उलट पहिल्या बैलाचे शेपूट एका जुन्या टवक्याच्या अलीकडे दोन गव्हांच्या अंतरावर आखडते घेतले होते. टवका चुकवायचा म्हणून चित्रकाराने शेपूट आवरले, हे एकदा लक्षात आल्यावर त्या बैलाकडे पाहून हसू येई. रेषांची जाडीही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी होती. जो दिवसाला डझनावारी भांडी रंगवतो त्याच्या कुंचल्याची रेघ जाड सुरू होते आणि झटक्यात निमुळती होऊन सुटते. ही रेघ छायाचित्र समोर ठेवून जपून ओढलेली होती.

शेवटी, भावांच्या आणि आक्कांच्या संमतीने, बकऱ्याच्या शिंगाच्या टोकाशी तिळाएवढ्या जागेत ॲसिटोन लावलेली काडी टेकवली. काळी रेषाच निवडली, कारण पिवळा-निळा निघाला असता तरी नालचा दाखला देऊन वाद घालता आला असता. लोह किंवा मँगेनीजयुक्त मातीने काढून भाजलेल्या काळ्या रेषेला मात्र ॲसिटोनने काही होत नाही. कापूस काळा झाला. त्याच काडीची दुसरी बाजू तपकिरी पट्ट्यावर घासली. ती पांढरीच राहिली.

निष्कर्ष आणि त्याचे परिणाम

निष्कर्ष मी लेखी दिला. भांडे प्राचीन आहे. ते बलुचिस्तानकडील असणे माती, घडण आणि क्षार यांच्याशी सुसंगत आहे. त्याची मूळ सजावट दोन साध्या पट्ट्यांची आहे. प्राणी, झाड आणि रंग हे भांडे जमिनीतून निघाल्यानंतर आणि २०१९ च्या आधी, न भाजता, आधुनिक बांधणीद्रव्याने काढलेले आहेत. असे का करतात, हे उघड आहे. प्राणी असलेल्या भांड्याला साध्या भांड्याच्या कितीतरी पट किंमत येते. थडग्यांतून लुटून काढलेली साधी भांडी अशा रीतीने "सजवून" बाजारात येतात. ही लूट किती मोठी आहे याचा अंदाज एका घटनेवरून यावा: २००६ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांना एका पार्सलमध्ये बलुचिस्तानातील प्राचीन भांडी सापडली, पुढच्या तपासात आणखी माल हाती लागला आणि अखेर २०१९ मध्ये एकूण ४४५ वस्तू पाकिस्तानला परत करण्यात आल्या.

धाकट्याने प्रथम विचारले, "म्हणजे खोटंच की." त्याला हे पटवून देणे सर्वांत अवघड गेले, की खोटा बैल आहे, भांडे नव्हे. मूळ कुंभाराने मधली जागा मोकळी सोडली होती. ते भांडे कोणाच्या थडग्यात, कोणत्या भांड्यांशेजारी, कोणत्या बाजूला ठेवले होते, हे कळले असते तर बैलापेक्षा कितीतरी अधिक कळले असते. ती माहिती उकरणाऱ्याच्या फावड्याखाली गेली आणि कोणत्याही प्रयोगशाळेतून ती परत मिळणार नाही. दुकानदाराविषयी दोघांनी संताप व्यक्त केला, तो रास्त होता. पण आपण मोजलेले पैसे त्या फावड्याच्या मजुरीपर्यंत पोहोचतात, हे मी त्यांना सांगितले आणि त्यावर कोणी काही बोलले नाही.

वाटणीचा प्रश्न त्यामुळे एका अर्थाने सुटला आणि दुसऱ्या अर्थाने गुंतला. शंभर वर्षांहून जुनी मानवनिर्मित वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खाजगी रीतीने देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ज्या दुकानात घेतली तेथे परत पाठवून पैसे मागण्याची धाकट्याची कल्पना मुळातच बाद होती. भांडे देशात आणताना काय कागद केले गेले, हे वडिलांबरोबर गेले. मी त्यांना वकिलाचा सल्ला घेऊन पुरातत्त्व खात्याला लेखी कळवण्यास सांगितले आणि तोवर भांडे वाटणीच्या यादीतून काढावे असे सुचवले. थोरल्याने ते मान्य केले आणि फरकाची रक्कम हप्त्यांनी देण्याचे कबूल केले. यात त्याचा मोठेपणा किती आणि आक्कांच्या नजरेचा धाक किती, हे मी सांगू शकत नाही.

जाताना धाकट्याने विचारले, की ॲसिटोनने सगळा बैल पुसून खालचे खरे भांडे मोकळे करावे का. मी त्याला तसे करण्यास सक्त मनाई केली. विरघळलेला रंग सच्छिद्र मातीत उतरला की तो कायमचा बसतो, आणि क्षारांचे जे पापुद्रे आमचा पुरावा होते तेच त्यात निघून जातील. असे काम प्रशिक्षित संवर्धकानेच करावे लागते आणि तेही सर्व छायाचित्रे आणि नोंदी झाल्यावर. भांडे आक्कांनी जुन्या नऊवारीत गुंडाळून वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवले. पुढच्या बेंदराला ते बाहेर काढायचे का, असा प्रश्न त्यांनी मला विचारला. मी म्हणालो, काढा, पण हळद लावू नका. त्यावर त्या म्हणाल्या, "लांबूनच ओवाळीन."